अफूविना वेदनाशमन : नवी गोळी, जुना हिशेब

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीतील आमच्या घरासमोर, पायरीवर गोठलेल्या बर्फावरून आई घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात परिचारिकेने तिला विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता : शून्य ते दहा या मोजपट्टीवर तुमची वेदना किती? मी भाषांतर केले. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "सांग त्यांना, कळ येतेय अधूनमधून, पण सोसवतंय." परिचारिकेला आकडा हवा होता. कळ, ठणका, ठसठस, चमक, उसण यांतला भेद आईला नेमका ठाऊक आहे. पण त्यातले कोणते दहापैकी किती, हे तिला शेवटपर्यंत सांगता आले नाही. अखेर मीच अंदाजाने 'आठ' म्हणालो आणि तो आठ संगणकात नोंदला गेला.

पंधरा वर्षांपूर्वी त्या आठच्या आकड्यावर तिला बहुधा थेट ऑक्सिकोडोन मिळाले असते. या वेळी तसे झाले नाही. भूलतज्ज्ञाने सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत तिच्या जांघेजवळ एक इंजेक्शन दिले आणि खुब्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा काही तासांसाठी बधिर केल्या. शस्त्रक्रियेनंतर ठरावीक अंतराने पॅरासिटामॉल. मॉर्फिन हाताशी होते, ते एकदाच, अगदी थोडे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई वॉकर धरून चार पावले चालली आणि तिने चहा मागितला. वेदनाशमनाचा विषय या देशात किती बदलला आहे, हे मला त्या दिवशी कोणत्याही अहवालाहून अधिक स्पष्ट दिसले. तो किती बदललेला नाही, हे घरी परतल्यावर विमा कंपनीशी बोलताना कळले. त्याकडे पुढे येतोच.

वेदनेला आकडा देण्याची ही पद्धत मुळात सद्हेतूनेच आली. नव्वदच्या दशकात अमेरिकेतील वेदनातज्ज्ञांनी अशी मागणी केली की नाडी, श्वास, ताप आणि रक्तदाब यांच्या जोडीने वेदना हेही 'पाचवे जीवनलक्षण' मानावे. रुग्णांच्या वेदनेकडे डॉक्टर दुर्लक्ष करतात, ही तक्रार खोटी नव्हती. परंतु त्याच काळात, १९९६ साली, पर्ड्यू फार्माने 'ऑक्सिकॉन्टिन' बाजारात आणले आणि या सद्हेतूला एक विक्रेता मिळाला. अफूजन्य औषधांचे व्यसन क्वचितच लागते, या दाव्याला आधार म्हणून वारंवार दाखवले गेले ते १९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलेले अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र. ते रुग्णालयात दाखल असलेल्या, देखरेखीखालील रुग्णांविषयी होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी नव्हे. हा फरक कोणी पाहिला नाही, किंवा पाहायचा नव्हता. २०१२ साली अमेरिकेत ओपिऑइड औषधांच्या सुमारे साडेपंचवीस कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. चिठ्ठी लिहिणाऱ्यांत आपले देशबांधव डॉक्टरही होते. इतकेच काय, फेंटानिलचा फवारा खपवण्यासाठी डॉक्टरांना लाच दिल्याच्या कटात २०१९ साली दोषी ठरलेले 'इन्सिस'चे संस्थापक जॉन कपूर हे अमृतसरमध्ये जन्मलेले स्थलांतरित उद्योजक. स्थलांतरितांच्या यशोगाथांच्या आपल्या याद्यांत एकेकाळी असली नावे कौतुकाने येत असत; आता येत नाहीत.

या पार्श्वभूमीवर ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'सुझेट्रिजीन' या औषधाला मान्यता दिली, तेव्हा त्याचे स्वागत नव्या युगाची पहाट अशा थाटात झाले. बॉस्टनच्या व्हर्टेक्स कंपनीने 'जर्नाव्हॅक्स' या नावाने ते विक्रीस आणले आहे. प्रौढांमधील मध्यम ते तीव्र, परंतु तात्कालिक वेदनेसाठी ते आहे. वेदनाशमनाच्या एका सर्वस्वी नव्या वर्गातले हे पहिले औषध, आणि असे औषध कित्येक वर्षांत आले नव्हते, हे खरेच आहे.

त्याच्या मागचे विज्ञान मोठे विलक्षण आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या उपखंडातून जातो. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवत असे. तो दंडात सुऱ्या खुपसून घेई, जळत्या निखाऱ्यांवरून चाले. त्याला वेदना मुळी होतच नसत. शास्त्रज्ञ त्याला तपासण्याआधीच, घराच्या छपरावरून उडी मारून तो मरण पावला. त्याच्या नात्यागोत्यातील अशाच सहा जणांचा अभ्यास करून केंब्रिजच्या संशोधकांनी २००६ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले की एका जनुकातील दोषामुळे त्यांच्या नसांतील सोडियमची एक विशिष्ट वाहिनी बंद पडली होती. तिचे नाव 'नॅव्ह १.७'. वेदनेचा संदेश नसेतून पुढे सरकतो तो या सोडियम वाहिन्यांची दारे उघडल्यामुळे. दंतवैद्य हिरडीत देतो ते भुलीचे इंजेक्शन हेच दार लावते. फक्त ते सरसकट सगळीच दारे लावते, म्हणून ओठही बधिर होतो आणि ते औषध गोळीच्या रूपाने अंगभर देता येत नाही.

१.७ हे दार नेमके लावणारे औषध शोधण्यात अनेक कंपन्यांनी वर्षे घालवली आणि हात टेकले. यश आले ते तिच्या बहिणीच्या, म्हणजे १.८ या वाहिनीच्या बाबतीत. ही वाहिनी मुख्यतः शरीराच्या कडेच्या, वेदना वाहणाऱ्या नसांत असते. मेंदूत तिचे काम जवळजवळ नाही. म्हणून सुझेट्रिजीन वेदनेचा निरोप वाटेतच अडवते. ओपिऑइड मेंदूत शिरून निरोपाचा अर्थ बदलतात, आणि तिथेच सुखाची चटक लागते. नव्या औषधाला मेंदूच्या त्या दाराशी कामच नसल्यामुळे व्यसनाची भीती नाही, असा हा तर्क आहे, आणि आजवरच्या पुराव्याशी तो जुळतो.

पण औषध किती गुणकारी आहे? इथे उत्साह जरा आवरायला हवा. मान्यता मिळाली ती दोन मोठ्या चाचण्यांच्या बळावर : एक पोटाची त्वचा कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची, दुसरी पायाच्या अंगठ्याजवळचे वाढलेले हाड काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची. दोन्हींत प्रत्येकी हजाराहून अधिक रुग्ण होते. निष्क्रिय गोळीपेक्षा सुझेट्रिजीन निश्चितपणे सरस ठरले. पोटाच्या शस्त्रक्रियेत लक्षणीय आराम पडायला त्याने सुमारे दोन तास घेतले, तर निष्क्रिय गोळीने आठ. पायाच्या शस्त्रक्रियेत हेच प्रमाण चार तास आणि आठ तास असे होते. मात्र हायड्रोकोडोन आणि ॲसिटामिनोफेन यांच्या परिचित जोडगोळीपेक्षा ते सरस असल्याचे दिसले नाही. पोटाच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखी; पायाच्या बाबतीत जुनी जोडगोळीच वरचढ. आराम कमी पडला तर रुग्णांना आयबुप्रोफेन घेण्याची मुभा होती, हेही ध्यानात ठेवावे. म्हणजे व्यसनाची धास्ती नसलेले, मध्यम ताकदीचे, पूरक औषध असे याचे रास्त वर्णन होईल. खाज आणि स्नायूंत पेटके हे दुष्परिणाम. द्राक्षफळाचा रस आणि काही बुरशीनाशक गोळ्या यांच्यासोबत ते चालत नाही.

आता या सगळ्या गाजावाजात जे बोलले जात नाही ते. ओपिऑइडला पर्याय नव्हता, हे गृहीतच चुकीचे आहे. पर्याय होता, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या घरातील औषधांच्या डब्यात होता.

ॲसिटामिनोफेन म्हणजे आपले पॅरासिटामॉल. त्यात आयबुप्रोफेन मिसळले की भारतातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी ती ओळखीची गोळी तयार होते, जी आपले वडीलधारे दाढ दुखली की घेत आले. २०१७ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. हातापायाच्या तीव्र दुखापतीने आपत्कालीन विभागात आलेल्या चारशेहून अधिक रुग्णांपैकी काहींना ही जोडी आणि काहींना तीन वेगवेगळी ओपिऑइड मिश्रणे दिली गेली. दोन तासांनी वेदनेत पडलेला उतार सर्व गटांत सारखाच होता. २०२५ च्या आरंभी अक्कलदाढ काढलेल्या अठराशेहून अधिक रुग्णांवरील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे तर पहिल्या दिवशी आणि रात्री आयबुप्रोफेन-ॲसिटामिनोफेनच अधिक प्रभावी ठरले. मी या देशात नवा असताना माझी अक्कलदाढ काढली गेली, तेव्हा दंतवैद्याने हायड्रोकोडोनच्या तीस गोळ्या लिहून दिल्या होत्या. दोन घेतल्या, डोके गरगरले, उरलेल्या अठ्ठावीस आमच्या न्हाणीघराच्या कपाटात कित्येक वर्षे पडून होत्या. घरात शाळकरी मुले होती. आज त्या अठ्ठावीस गोळ्यांची आठवण झाली की अंगावर काटा येतो. शस्त्रक्रियेपूर्वी ओपिऑइड कधीच न घेतलेल्या छत्तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या २०१७ च्या एका अभ्यासात असे आढळले की साधारण सहा टक्के लोक तीन महिन्यांनंतरही त्या गोळ्या घेत होते. आणि शस्त्रक्रिया किरकोळ असो वा मोठी, प्रमाण जवळपास तेच.

मग ही साधी जोडी सर्वत्र का वापरली गेली नाही? एक कारण उघड आहे : तिचे पेटंट केव्हाच संपले आहे. तिच्यासाठी डॉक्टरांना मेजवानी देणारा विक्री प्रतिनिधी नाही. दुसरे कारण अधिक रास्त आहे. हीही औषधे निरुपद्रवी नाहीत. आयबुप्रोफेनच्या वर्गातील औषधे जठरात रक्तस्राव घडवतात, मूत्रपिंडाला आणि हृदयाला धोका वाढवतात. ज्येष्ठांच्या बाबतीत तर फार जपून. माझ्या आईला तिच्या मूत्रपिंडामुळे ती दिलीच नाहीत. पॅरासिटामॉलची मात्रा दिवसाला चार ग्रॅमच्या वर गेली की यकृतावर बेतते. आणि 'सुरक्षित पर्याय' म्हणून गाजवलेल्या औषधांचा इतिहासही फारसा निर्मळ नाही. 'व्हायॉक्स' जठराला सौम्य म्हणून खपले आणि हृदयविकाराचा धोका वाढवते म्हणून सप्टेंबर २००४ मध्ये मर्कला ते परत घ्यावे लागले. त्याच वर्षी गॅबापेंटिनच्या, मान्यता नसलेल्या उपयोगांसाठी केलेल्या विक्रीबद्दल फायझरच्या एका उपकंपनीने गुन्हा कबूल करून ४३ कोटी डॉलर भरले. ते गॅबापेंटिन आज पाठदुखीपासून निद्रानाशापर्यंत कशालाही लिहून दिले जाते. म्हणून 'अफू नाही' एवढ्यावर कोणी निर्धास्त होऊ नये.

आता पैशाकडे वळू. सुझेट्रिजीनच्या ५० मिलिग्रॅमच्या एका गोळीची घाऊक किंमत साडेपंधरा डॉलर ठेवली गेली. पहिल्या वेळी दोन गोळ्या, मग दर बारा तासांनी एक. म्हणजे आठवड्याला पंधरा गोळ्या आणि सुमारे २३२ डॉलर. जुनी ओपिऑइड जोडगोळी त्या मानाने कवडीमोल आहे. विमा कंपनीच्या तक्त्यात स्वस्त औषध आधी आणि महाग नंतर, हा नियम. व्यसन लागलेल्या रुग्णाचा पुढचा खर्च बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी तक्त्यात पडतो. या विसंगतीवर उपाय म्हणून अमेरिकी संसदेने २०२२ च्या अखेरीस 'नोपेन' कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तीन वर्षे, रुग्णालयात दाखल न होता केलेल्या शस्त्रक्रियांच्या वेळी वापरलेल्या ठरावीक ओपिऑइडविरहित औषधांसाठी आणि साधनांसाठी मेडिकेअर वेगळे पैसे देते. पूर्वी ती एकगठ्ठा रकमेत धरली जात, त्यामुळे दीर्घकाळ टिकणारे भुलीचे इंजेक्शन वापरणारे रुग्णालय पदरमोड करत असे. कायदा योग्य दिशेचा आहे. पण शस्त्रक्रियेनंतर घरी न्यायच्या गोळ्या त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि खरी मेख तिथेच आहे. घरी न्यायच्या औषधांबाबत पूर्वपरवानगीची आणि 'आधी स्वस्त वापरा' या अटीची आडकाठी काढण्यासाठी वेगळे विधेयक मांडले गेले आहे.

आमच्या बाबतीत आडकाठी आली ती गोळीत नव्हे, व्यायामात. आईला घरी आणल्यावर फिजिओथेरपिस्टने आठवड्यातून तीन वेळा असा आराखडा दिला. विमा कंपनीने, तिचे नाव इथे घेत नाही, काही मोजक्या भेटींनंतर हात आखडता घेतला आणि 'प्रगती समाधानकारक' असा शेरा मारून पुढचे अर्ज रखडवले. वेदनेची चिठ्ठी औषधाच्या दुकानात दहा मिनिटांत वठली असती. अमेरिकेच्या वेदनाधोरणातील सर्वात मोठी विसंगती ही आहे. अंतर्गत वैद्यकाच्या डॉक्टरांच्या महाविद्यालयाने २०१७ सालीच सांगितले की कंबरदुखीला आधी औषधाशिवायचे उपाय करावेत : शेक, मालिश, व्यायाम, ॲक्युपंक्चर, योग. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये ३२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत योगवर्ग हा फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. मेडिकेअर २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी वर्षाला वीसपर्यंत ॲक्युपंक्चर भेटींचे पैसे देते. योगवर्गाचे मात्र पैसे आपण खिशातून भरायचे. भारतीयांच्या दृष्टीने यात गंमत अशी की शिकागोच्या किंवा डॅलसच्या महाराष्ट्र मंडळात रविवारी सकाळी फुकट चालणारा वर्ग हा पुराव्याने सिद्ध झालेला वेदनोपचार आहे; मंडळालाही ते ठाऊक नसावे.

इथवर तात्कालिक वेदनेची बाजू झाली. खरा कठीण प्रश्न जुनाट वेदनेचा. रोगनियंत्रण केंद्राच्या पाहणीनुसार २०२३ साली २४.३ टक्के अमेरिकी प्रौढांना जुनाट वेदना होती. साडेआठ टक्क्यांचे रोजचे जगणेच तिने आखडून टाकले होते. सुझेट्रिजीन त्यांच्यासाठी नाही. कंबरेतून पायात जाणाऱ्या वेदनेवरील, म्हणजे सायटिकावरील दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे आकडे डिसेंबर २०२४ मध्ये आले. औषध घेणाऱ्यांची वेदना दोन अंकांनी उतरली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचीही जवळपास तितकीच. शेअर बाजारात कंपनीचा भाव त्याच दिवशी कोसळला. वेदना वर्षानुवर्षे राहिली की तिचे घर नसांतून पाठीच्या कण्यात आणि मेंदूत हलते. वाटेतला निरोप अडवून मग पुरत नाही, असे अनेक तज्ज्ञांचे म्हणणे आहे.

म्हणून जुनाट वेदनेच्या रुग्णांना या नव्या घोषणांची थोडी भीतीच वाटते, आणि ती निराधार नाही. २०१६ साली रोगनियंत्रण केंद्राने ओपिऑइडबाबत सावधगिरीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती सल्ला म्हणून होती. राज्यांनी, विमा कंपन्यांनी आणि घाबरलेल्या डॉक्टरांनी त्यांचा नियम केला. वर्षानुवर्षे स्थिर मात्रेवर काम करणाऱ्या, संसार चालवणाऱ्या लोकांच्या गोळ्या एकाएकी तोडल्या गेल्या. अचानक तोडण्याने असह्य वेदना, मानसिक कोंडी आणि आत्महत्या ओढवत असल्याचा इशारा औषध प्रशासनाला एप्रिल २०१९ मध्ये द्यावा लागला, आणि २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे सैल करावी लागली. पर्याय उपलब्ध आहे असे म्हणून जे आहे ते काढून घ्यायचे आणि पर्यायाचे पैसे मात्र द्यायचे नाहीत, ही चूक या देशाने एकदा केली आहे.

मृत्यूंचा हिशेबही नीट मांडायला हवा. २०२३ साली अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे एक लाख पाच हजार लोक दगावले. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ऐंशी हजारांवर उतरला. यांतील बहुसंख्य मृत्यू बेकायदा फेंटानिलचे, डॉक्टरच्या चिठ्ठीचे नव्हेत. चिठ्ठ्या तर २०१२ च्या तुलनेत निम्म्याहून खाली आल्या आहेत. तेव्हा नवी गोळी हे मृत्यू थांबवील, असे म्हणणे ही जाहिरात झाली. ती फार तर उद्याच्या काही जणांना त्या वाटेवर पहिले पाऊल टाकण्यापासून रोखेल. ते थोडे नाही.

या चित्राची दुसरी बाजू आपल्या मायदेशात आहे. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे; मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने ती घेतली जाते. तरीही २०१७ च्या 'लॅन्सेट' आयोगाच्या हिशेबाप्रमाणे भारतातील गरजूंना त्यांच्या गरजेच्या अवघे चार टक्के मॉर्फिन मिळते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, पण सवय बदलायला वेळ लागतो. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला पॅरासिटामॉल आणि योग पुरत नाही. त्याला मॉर्फिनच हवे. अमेरिकेतील 'ओपिऑइडमुक्त'चा नारा मुंबई-पुण्यातील धोरणकर्त्यांनी जसाच्या तसा उचलला, तर त्याची किंमत अशा रुग्णांना मोजावी लागेल. उलट, २०२५ च्या फेब्रुवारीत बीबीसीने उघड केले की मुंबईतील एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल हे ओपिऑइड आणि कॅरिसोप्रोडॉल यांची मान्यता नसलेली गोळी पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. सरकारने त्या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात मग बंद केली. घरच्या रुग्णाला मॉर्फिन दुर्मीळ आणि घानाच्या रस्त्यावर आपली गोळी सुलभ, अशी ही स्थिती आहे.

आपल्या समाजासाठी पुढची बातमी मधुमेहाच्या बाजूने येईल. मधुमेहाने पायाच्या नसा जळतात, ती आग रात्री झोपू देत नाही, आणि दक्षिण आशियाई घरांत हे दुखणे किती आहे ते सांगायला नको. त्या वेदनेवर सुझेट्रिजीनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत. दुसऱ्या टप्प्याचे आकडे आशादायक होते. पण सायटिकात काय झाले ते पाहता निकाल हाती येईपर्यंत कोणी हुरळून जाऊ नये. तोवर घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर शल्यविशारदाला आणि भूलतज्ज्ञाला दोन गोष्टी आधीच विचाराव्यात : नस बधिर करण्याचे इंजेक्शन देता येईल का, आणि घरी नेण्यासाठी ओपिऑइड दिलेच तर किती गोळ्या, किती दिवसांच्या. उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानातील परतपेटीत टाकता येतात.

आई आता काठीशिवाय चालते. विमा कंपनीने नाकारलेले व्यायाम ती दिवाणखान्यात, सोफ्याची पाठ धरून, स्वतःच मोजत करते. परवाच्या तपासणीत परिचारिकेने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी आईने माझ्याकडे न पाहता, इंग्रजीतच, 'टू' असे उत्तर दिले. बाहेर आल्यावर म्हणाली, "थंडीत ठणकतं रे अजून. पण तेवढ्यासाठी त्यांना कशाला तीन सांगायचं?"